पहिल्यांदाच स्लॉट गेम तपासायला मिळालाय? मग रोबोट बघत बसू नका

इंदूरला सुदामा नगरात आमच्या घरी कुणी पाहुणे आले आणि "हल्ली काय करतेस गं?" असं विचारलं की आई माझ्या आधीच सांगून टाकते, "कॉम्प्युटरचं काम करते." पूर्ण उत्तर असं की मी फ्रीलान्स गेम टेस्टिंग करते आणि त्यातलं बरंचसं काम परदेशातल्या क्लायंटच्या स्लॉट गेमचं असतं, म्हणजे ते रील फिरतात, चित्रं जुळली की पैसे, तेच. माझा पहिला स्लॉट निऑन शहर, उडत्या गाड्या आणि एक डोळा लाल असलेली रोबोटबाई असा होता. त्याचा जो रिपोर्ट मी लिहिला तो आज वाचला तर कान गरम होतात, कारण सहा पानांपैकी चार पानं मी रोबोटबाईच्या डोळ्यावर घालवली होती. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

हे फुकटच्या डेमोवर, खोट्या क्रेडिटवर गेम तपासण्याबद्दल आहे. पैसे कसे जिंकायचे ह्याबद्दल ह्यात काही सापडणार नाही, आणि का ते पायरी ३ ला कळेलच.

आधी जमवून ठेवा

- गेमची डेमो लिंक, क्लायंटने स्वतः दिलेली. कुठूनतरी एपीके उतरवायची नाही, कुणी कितीही म्हणो.
- गेमची नियमपत्रिका आणि पेटेबल, म्हणजे कुठल्या चिन्हाला किती मिळतं त्याचा तक्ता. क्लायंट मॅथ शीट (गेमच्या गणिताचा कागद) देत असेल तर सोन्याहून पिवळं.
- एक चांगला फोन आणि एक घरातला जुना, स्वस्तातला अँड्रॉइड. दुसरा जास्त कामाचा.
- स्टॉपवॉच, हेडफोन, स्क्रीन रेकॉर्डर, एक्सेल किंवा साधी रेघांची वही.
- लेखी करार, पॅन, बँक खातं. आधार आणि सेल्फी मागणारी "टेस्टर रजिस्ट्रेशन" साइट दिसली की मागे फिरा, डेमो चालवायला केवायसी लागतच नाही.

१. कायद्याचं आधी बघा, बाकी नंतर

हे कुणी सांगत नाही म्हणून पहिलं. भारतात २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा झाला, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, नशिबाचे असोत की डोकं लावायचे, चालवायला बंदी आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. पण नवख्या लोकांनी खरं वाचायचं ते जाहिरातीचं कलम आहे: अशा गेमची जाहिरात केली तर २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड.

आता तुम्ही म्हणाल आपण कुठे जाहिरात करतोय. तर ऐका, मला एकाने "रिव्ह्यू रायटिंग" म्हणून काम दिलं होतं, मराठी-हिंदीत गेमबद्दल हजार शब्द लिहायचे आणि शेवटी एक लिंक टाकायची, बस. पैसेही बरे होते. ओळखीच्या वकीलकाकांना दाखवलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, ही जाहिरातच आहे, तू नाव काहीही दे." सोडलं ते काम. तेव्हापासून करारात एक ओळ लिहूनच घेते: माझा रिपोर्ट अंतर्गत तपासणीसाठी आहे, भारतीय खेळाडूंना दाखवण्यासाठी नाही. तुम्हीही घ्या, आणि शंका असली तर वकिलाला दोनपाचशे देऊन विचारा, ५० लाखांपेक्षा स्वस्त पडतं.

२. आवाज बंद करून पहिले ५० स्पिन

फ्यूचरिस्टिक गेमची खरी ताकद आवाजात असते. तो घुमणारा सिंथ, रील थांबताना होणारा धातूचा ठक्क, हे चालू असताना माणूस गेम बघत नाही, गेम माणसाला बघतो. म्हणून म्यूट करा आणि एकच प्रश्न विचारा: चित्रं वेगळी ओळखू येतायत का?

भविष्यकाळ म्हटलं की डिझायनर मंडळींना निळा, जांभळा आणि गुलाबी ह्यापलीकडे रंगच सुचत नाही. सगळं चमकतं, त्यामुळे काहीच चमकत नाही. कमी पैशांची चिन्हं, म्हणजे १०, जे, क्यू, के, ए, ही सगळी एकाच निळ्या ट्यूबलाइटची केली की १० कुठला आणि क्यू कुठला ते जुन्या फोनवर समजतच नाही. मी इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत दुपारी बारा वाजता, भर उन्हात, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून एक गेम तपासला होता, समोर पोह्यांची प्लेट गार होत होती आणि वाइल्ड (दुसऱ्या चिन्हांच्या जागी चालणारं) कुठला नि स्कॅटर (बहुधा फ्री स्पिन उघडणारं) कुठला ते मला दहापैकी चार वेळा चुकलं. ते चार स्क्रीनशॉट रिपोर्टमध्ये टाकले तर क्लायंटने दोन्ही चिन्हं बदलली. घरात पंख्याखाली बसून हे सापडलं नसतं.

लखलखाटाचंही मोजा. ग्लिच इफेक्ट, स्ट्रोब, पोर्टल उघडताना होणारा पांढरा झगमगाट हे सगळं ह्या थीममध्ये हमखास असतं. वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट नको असं आहे, कारण काही लोकांना त्याने फिट येऊ शकते. स्क्रीन रेकॉर्डिंग हळू चालवून मोजलं की काम झालं.

३. नियमपत्रिका पूर्ण वाचा, खालच्या बारीक अक्षरांसकट

इथे थोडा वेळ घालवूया, कारण खरा गेम इथेच असतो. रोबोट, अंतराळयान की इजिप्तची राणी, हा सगळा रंग आहे. रंग खरवडला की खाली एक गणित असतं.

पहिला आकडा आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी लांबच्या हिशोबात खेळाडूंना परत किती जातं. ९६ टक्के म्हणजे १०० रुपयांमागे सरासरी ४ रुपये घराचे, म्हणजे गेमवाल्याचे. ९४ ऐकायला जवळच वाटतं, पण घराचा वाटा ४ चा ६ झाला, दीडपट! तासाला ६०० स्पिन, १० रुपयांचा एक, असं धरलं तर ६,००० रुपये फिरतात, त्यात ९६ वर सरासरी २४० जातात आणि ९४ वर ३६०. मी डेमोच तपासा म्हणते ते ह्यामुळे. ज्याचं सरासरी उत्तरच वजा आहे त्याला "चांगला लागणारा" कसं म्हणणार.

ह्यातली मेख अशी की एकाच नावाचा, एकाच चेहऱ्याचा गेम वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांमध्ये विकला जातो. ऑपरेटर, म्हणजे गेम चालवणारी साइट, हवी ती निवडते. त्यामुळे "ह्या गेमचा आरटीपी ९६ आहे" असं कुठेतरी वाचून रिपोर्टमध्ये लिहू नका, तुमच्या समोरच्या डेमोच्या नियमपत्रिकेत काय छापलंय तेच लिहा आणि त्याचा स्क्रीनशॉट जोडा.

दुसरी गोष्ट व्होलॅटिलिटी, म्हणजे मिळणारी रक्कम किती वरखाली होते, मी तिला उड्या म्हणते. उदाहरण घ्या स्टारबर्स्टचं, नेटएंट कंपनीचा २०१२ चा गेम, अंतराळात चमकणारी रत्नं, ह्या थीमचा आजोबाच म्हणा. पाच रील, १० पेलाइन (चित्रं जुळायच्या रेघा), डावीकडून आणि उजवीकडून दोन्हीकडून जुळतं, मूळ आवृत्तीचा आरटीपी ९६.०९ टक्के आणि उड्या अगदी लहान: थोडं थोडं सतत मिळत राहतं, फार मोठं काही मिळत नाही. त्याच्या उलट ते सहा रीलवाले गेम, जिथे प्रत्येक रीलवर सातपर्यंत चिन्हं येतात आणि जाहिरातीत १,१७,६४९ मार्ग असं लिहिलेलं असतं. तो आकडा जादूचा नाही हो, सातचा सहावा घात आहे, कॅल्क्युलेटरवर करून बघा. मार्ग जास्त म्हणजे मिळणारा पैसा जास्त असं नसतं, प्रत्येक मार्गाला मिळणारी रक्कम तेवढीच बारीक केलेली असते.

बोनस विकत घेण्याचं बटण असेल तर तेही तपासा. बऱ्याच गेममध्ये बेटच्या साधारण १०० पट देऊन थेट फ्री स्पिनमध्ये शिरता येतं. डेमोमध्ये वीस वेळा घेऊन बघा, प्रत्येक वेळी किती परत आलं ते लिहा. बहुतेक वेळा १०० च्या बरंच खाली आणि कधीतरी एखादा मोठा, असंच चित्र दिसतं, सरासरी त्या एखाद्यावर उभी असते.

४. आता ३०० स्पिन, आणि प्रत्येकाची नोंद

कंटाळवाणं आहे, पण हेच काम आहे. चार रकाने: स्पिन नंबर, बेट, परत किती, आणि गेमने आनंद साजरा केला का. हा चौथा रकाना मला कुणी शिकवला नव्हता, दुसऱ्या गेमला स्वतःच घातला आणि तेव्हापासून सोडला नाही.

त्या गेमची माझी नोंद अशी होती. १० क्रेडिटचा स्पिन, ३०० स्पिन, म्हणजे ३,००० क्रेडिट लावले. परत आले २,६१०. गेमने ८४ वेळा नाच केला, निऑन फटाके, रोबोटचा ठेका, "विन!" असा आवाज. त्यातल्या ५१ वेळा परत आलेली रक्कम १० किंवा त्याहून कमी होती. म्हणजे १० लावले, ४ मिळाले, ६ गेले आणि वर बँडबाजा. खरा फायदा झाला फक्त ३३ वेळा. हिशोब मांडला तर गेम म्हणतो मी २८ टक्के वेळा जिंकवतो आणि वही म्हणते ११ टक्के.

ह्याला हार झाकणारी जीत म्हणा हवं तर. ब्रिटनच्या जुगार नियामकाने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये हे बंदच केलं, लावल्याएवढं किंवा त्याहून कमी परत आलं तर जिंकल्याचे आवाज आणि चित्रं दाखवायची नाहीत. त्याच वेळी ऑटोप्ले (स्पिन आपोआप फिरत राहणं) बंद केलं आणि एका स्पिनला किमान २.५ सेकंद लावायला सांगितले. तुमचा क्लायंट ब्रिटनच्या बाजारात गेम नेणार असेल तर हा चौथा रकानाच तुमचा सगळ्यात महाग निष्कर्ष ठरतो. स्टॉपवॉच घेऊन स्पिनचा वेळ मोजा, वेग वाढवणारं टर्बो बटण कुठे लपवलंय का तेही बघा.

आणि इथेच माझी ती लाजिरवाणी चूक. पहिल्या गेमला मी २०० स्पिन केले, भागाकार केला आणि थाटात लिहिलं, "गेमचा आरटीपी १०८ टक्के आढळला, गेम सैल आहे." क्लायंटकडच्या गणितवाल्या बाईंनी रिपोर्ट लाल करून परत पाठवला, एकच ओळ होती: मग ह्या हिशोबाने माझी कंपनी उद्या बंद. मध्यम उड्यांच्या गेममध्ये एका स्पिनचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती लांब जातो त्याचं माप) बेटच्या ५ पट धरलं तर ३०० स्पिनांवर काढलेला आरटीपी सहज २९ टक्के इकडे किंवा तिकडे जातो. १०,००० स्पिन केले तरी ५ टक्के. १० लाख केले की कुठे अर्ध्या टक्क्यावर येतो. ते हाताने होत नाही, ते काम सिम्युलेशनचं आणि जीएलआय, ईकोग्रा, आयटेक लॅब्स अशा प्रयोगशाळांचं. हाताने केलेले ३०० स्पिन अनुभव सांगतात, की किती वेळ कोरडं जातं, सगळ्यात लांब कोरडा पट्टा किती (माझा ४१ होता), साजरं कशाला करतात. रिपोर्टमध्ये आरटीपी "मोजला" असं कधीच लिहू नका.

५. "जवळपास लागलंच होतं" हे पकडा

दोन स्कॅटर पडले की तिसरा रील मुद्दाम हळू होतो, संगीत चढतं, स्क्रीनच्या कडा लाल होतात, आणि मग स्कॅटर एका घराने वर थांबतो. छाती धडधडते की नाही? माझीही होते, डेमोवर, खोट्या क्रेडिटवर, पगार घेऊन बसलेली असताना.

निकाल मात्र बटण दाबलं तेव्हाच लागलेला असतो. सर्व्हरवरच्या रँडम नंबर जनरेटरने आकडा दिला, संपलं, पुढचं फिरणं हे चित्र आहे. स्टॉप बटण पटकन दाबून काही बदलत नाही. मागचे ४० स्पिन कोरडे गेले म्हणून ४१ वा लागायला पाहिजे असंही काही नसतं, त्याला मागचं काही आठवतच नाही.

ही जवळपासची गंमत जुनी आहे. चार्ल्स फे नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तीन रीलचं लिबर्टी बेल यंत्र केलं तेव्हा रीलवर जेवढी चित्रं दिसायची तेवढ्याच शक्यता होत्या. १९८४ मध्ये इंगे टेलनेस ह्यांना पेटंट मिळालं, त्यात कॉम्प्युटर आकडा निवडतो आणि एकेका दिसणाऱ्या जागेला कमीजास्त आकडे जोडलेले असतात. म्हणजे डोळ्यांना रील २२ जागांचा दिसतो पण जॅकपॉटच्या जागेला आकडे अगदी थोडे. डोळ्यांनी शक्यता मोजायची सोय तिथेच संपली.

माझा मावसभाऊ दर दिवाळीला रामबागेत तीन पत्तीचा डाव संपला की मला कोपऱ्यात घेतो, "ताई, तुला तर आतलं माहीत असतं, सांग ना कुठला गेम गरम आहे सध्या?" मी त्याला दरवेळी सांगते, अरे, गरम फक्त फोन होतो. त्याला पटत नाही. तुम्हालाही कुणीतरी विचारणारच, तयारी ठेवा.

६. थीम आणि खेळ ह्यांचं लग्न लागलंय का

हे मतावर आहे, पण क्लायंटला मत हवंच असतं. माझी कसोटी साधी: रोबोट काढून तिथे आंबे, केळी, चिकू ठेवले तर खेळ बदलतो का? बदलत नसेल तर भविष्यकाळ नुसता वरून चोपडलाय. एका गेममध्ये वेळप्रवासाची थीम होती आणि मागचा स्पिन उलटा चालून एक रील परत फिरायचा, ते मला आवडलं, कारण नियमातच गोष्ट होती. उलट दुसऱ्यात वर्महोल नावाचं काहीतरी होतं जे साधं वाइल्डच होतं, फक्त गोल फिरायचं.

७. जुन्या फोनवर मोडून बघा

फ्लॅशचा काळ २०२० च्या शेवटी संपला, आता सगळे गेम ब्राउझरमध्ये एचटीएमएल५ वर चालतात, आणि ही निऑन-धूर-प्रतिबिंब मंडळी स्वस्त फोनला भाजून काढतात. वीस मिनिटं चालवा, बॅटरी आधी किती नंतर किती, फोन तापला का, आवाज मागे पडतो का. मग फ्री स्पिन चालू असताना मधेच नेट बंद करा. परत आल्यावर गेम तिथूनच सुरू व्हायला हवा आणि शिल्लक बरोबर हवी. एकदा माझे सात फ्री स्पिन हवेत विरले होते, त्या एका बगचे मला वेगळे पैसे मिळाले. फोन येऊ द्या, स्क्रीन आडवी-उभी करा, आणि मोठ्या रकमेचा आकडा चौकटीबाहेर सांडतो का तेही बघा.

८. रिपोर्ट

दोन पानं पुरे. वर: गेमची आवृत्ती, तारीख, फोनची मॉडेलं, छापलेला आरटीपी. मग गंभीर दोष, प्रत्येकाला रेकॉर्डिंगचा मिनिट-सेकंद. मग साजरं करण्याचा हिशोब, ८४ आणि ३३ सारखा, एका ओळीत. मग थीमबद्दल मत, तीनचार वाक्यं, रोबोटबाईच्या डोळ्याला एक.

एक राहिलंच. रोज हे बघताना स्वतःकडेही लक्ष ठेवा. मी एकदा काम संपल्यावरही रात्री दीडपर्यंत डेमो फिरवत बसले होते, नोंद न करता, आणि ते लक्षात आलं तेव्हा फोन आईच्या खोलीत ठेवून झोपले. ओळखीतलं कुणी खऱ्या पैशांत अडकलं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, आणि ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच, जितक्या लवकर तितकं बरं. आणि पहिल्या कामाचं बिल रिपोर्टसोबतच पाठवा, नंतर आठवण करून द्यायला लाज वाटते, मला तरी वाटली होती, दीड महिना.